सुमनचा डावा कौल

१२ फेब्रुवारी

आकडा आला. ६५,००० रु. चौदा वर्षांत.

मुग्धा जत्रेसाठी पुण्याहून आली ती लॅपटॉप घेऊनच. गेले दोन दिवस माझ्या तीन वह्या, ब्रोकरचे कागद, पासबुकं, सगळं पडवीत पसरून बसली होती. मीच तोऱ्यात म्हटलं होतं, घे बघून, बाप काय चीज आहे ते कळेल तुला. आज दु. जेवणानंतर तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि स्वतः पाणी प्यायला आत गेली. पोरीने आतच जाणं पसंत केलं, त्यावरूनच ओळखायला हवं होतं.

शेअरमध्ये घातलेले: ११ लाख ४० हजार. सगळा शिकवण्यांचा पैसा.
आज हातात, मधे काढलेले धरून: १२ लाख ५ हजार.
तेच पैसे जसे आले तसे बँकेत मुदतीवर टाकले असते तर: अठरा लाखांच्या वर.

बत्तीस वर्षं गणित शिकवलं. चक्रवाढ व्याज तर असं शिकवायचो की मागच्या बाकावरची पोरंही मान डोलवायची. आणि हे काय. चहा निवला, तसाच टाकला.

१३ फेब्रु.

सकाळी हाताने पडताळा केला. मशीन चुकू शकतं, पोरगी चुकू शकते. चुकली होती, ३४० रुपयांनी, तेही माझ्या बाजूने.

एकूण व्यवहार ३१२. त्यातले फायद्याचे १३१. म्हणजे ४२ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नासाच्या आसपास आलो असतो. मला मात्र आठवतात ते फक्त फायद्याचे. ते तारखेसकट आठवतात, कोणाला सांगितले तेही आठवतं.

याहून वाईट पुढे. जुन्या रोजनिश्या काढल्या. "आजपासून नियम: घसरणीत घाबरून विकायचं नाही." हे वाक्य माझ्याच अक्षरात पाच वेगवेगळ्या वर्षी सापडलं. दोनदा लाल शाईने. पाचही वेळा पुढच्या पंधरा दिवसांत विकलंय. एखाद्या विद्यार्थ्याने एकच चूक पाच वेळा केली असती तर मी त्याच्या बापाला शाळेत बोलावलं असतं.

१५ फेब्रु.

आंगणेवाडीची जत्रा. रांगेत साडेतीन तास. मसुऱ्याच्या बाजूने गर्दी जास्त, गाडी लांब लावावी लागली. रांगेतच परब भेटले. शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी गणित, आणि शेअरचं वेड दोघांनाही एकाच वर्षी लागलं. त्यांनी एक नवी कंपनी सांगितली. नुसती सांगितली नाही, रक्कमही सांगितली, दहा लाख. "तुमचे बावीस नुसते पडून आहेत ना बचत खात्यात?"

पडून आहेत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी, २२ लाख. आमची शाळा विनाअनुदानित, पेन्शन नाही. म्हणजे बायकोचं, सु.चं, आणि माझं मरेपर्यंतचं जे काही आहे ते एवढंच. निवृत्त होऊन नऊ महिने झाले, योग्य वेळेची वाट बघतोय. परवापर्यंत खात्री होती की योग्य वेळ मला कळते.

परबांना म्हटलं, बघतो. गेल्या आठवड्यात हो म्हटलं असतं. म्हटलंच असतं.

१७ फेब्रु.

आज काय लिहू. आधीचं कमी होतं की काय.

सकाळी मुग्धा म्हणाली, बाबा तुमचं झालं, आता आईचं बघते. मी हसलो. आईचं काय बघायचं? काजीचे चार पैसे, पोस्टात. वालावलच्या माहेराकडून सु.च्या वाट्याला काजीची म्हणजे काजूची तीसेक झाडं आलीत. दर उन्हाळ्यात बी विकते, ते तिचे. मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

सु.ने कपाटातल्या साड्यांखालून प्लास्टिकची पिशवी काढली. पोस्ट नाही. म्युच्युअल फंडाची एसआयपी. तिच्या मुंबईच्या भाच्याने चालू करून दिलेली, दरमहा तीन हजार, तेरा वर्षं. एकही हप्ता चुकलेला नाही. एकदाही काढलेले नाहीत.

भरले ४ लाख ६८ हजार. आज ११ लाख २० हजार.

मी कागद उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. सु. म्हणाली, पिठलं लागतंय, आणि आत गेली. हिने आठवी झाल्यावर शाळा सोडलीय.

१८ फेब्रु.

दिवसभर बोललो नाही तिच्याशी. राग कसला आहे तेच नीट कळत नाही. लपवलं म्हणून? का मला जमलं नाही ते तिला जमलं म्हणून? इथे खोटं लिहून काय उपयोग, दुसरंच.

संध्याकाळी विचारलं, लॉकडाऊनमध्ये बाजार कोसळला तेव्हा तुझे निम्मे झाले असणार, तेव्हा कसं नाही काढलंस? तिने काजीवरची मान वर केली नाही. म्हणाली, "डावो कौल होतो मां."

आठवलं. तेव्हा मी खालच्या भावात सगळं विकून बसलो होतो आणि तोटा भरून काढायला हिच्या काजीच्या पैशांवर माझा डोळा होता. माझ्या हिशेबी पन्नासेक हजार असतील. मागितले तर म्हणाली, गावच्या देवीला, सातेरीला विचारते. देवळं बंद होती पण बाबी गुरव रोजच्या पूजेला जायचा. दुसऱ्या दिवशी ही सांगत आली, देवीने डावा दिला, म्हणजे नकार.

मी याच कौलावर विज्ञान प्रदर्शनात भाषण दिलेला माणूस. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. ओलावा, वजन, वाऱ्याची झुळूक, फळ्यावर आकृतीसकट सगळं समजावलं होतं. पण त्या दिवशी गप्प बसलो. सातेरीचा डावा मोडून बायकोचे पैसे घेतले हे गावात कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

म्हणजे त्या पाकळीने हिचे वाचवले. भाषण देणाऱ्याचे गेले.

२२ फेब्रु.

ठरलं. मुग्धा उद्या जाणार, तिच्यासमोरच कागद केला. माझ्या अक्षरात, खाली दोघांच्या सह्या.

२२ लाखांतले १३ बँकेत आणि पोस्टात मुदतीवर. व्याज महिना साडेआठ हजारांच्या आसपास, वर शिकवण्या. घर चालेल.
२ लाख आजारपणाला, वेगळ्या खात्यात.
७ लाख सु.च्याच फंडात, पण एकदम नाही. दर पाच तारखेला २८ हजार, पंचवीस महिने.
सात वर्षं त्याला हात लावायचा नाही.
बघायचं वर्षातून एकदा, आमच्या सातेरीच्या जत्रेदिवशी.
परबांना नाही म्हणायचं.

शेवटचं कलम सगळ्यात अवघड आहे, मुग्धाला हसू आलं. तिने बजावलं की हेही पडणार, निम्मंसुद्धा होईल कधी, तेव्हा कागद वाचायचा, फोन नाही. फोनमधलं शेअर-फंडाचं ॲप काढून टाकलं. तिने आणखी काय काय बदललं ते विचारलं नाही.

कागद देवीच्या पायाशी ठेवून आणूया म्हटलं. सु. आली पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, कागद माझ्या हातात दिला. गुडघा दुखतो, उंबरा उंच आहे. गेली काही वर्षं बाहेरूनच ओटी भरते.

येताना माझ्या तोंडून गेलं, नियम तर मी आधीही पाच वेळा केलेत, पाच वेळा मोडलेत. तुझ्याकडे कौल होता म्हणून तू टिकलीस. मीही लावून घेतो, देवीकडून डावा, हात लावायचा नाही म्हणून. बोलून झाल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

सु. रस्त्यात थांबली. "देवीक ह्याच्यात घालू नकात," एवढंच. आवाज वेगळाच होता.

२ मार्च



सु.ला न सांगता देवळात गेलो. बाबी गुरव आवार झाडत होता. सत्तरी ओलांडलीय, अजून कंबरेत ताठ. मला बघून हसला, मास्तर आणि कौलाक? म्हटलं, हो, सुमनला तेव्हा जसा डावा मिळाला तसा मला हवाय, पैशाला हात न लावण्यासाठी.

बाबी झाडू टेकून उभा राहिला. "वयनीक डावो खंय पडलेलो? उजवो पडलेलो."

म्हटलं, चुकतोयस. लॉकडाऊनातला.

"तोच सांगतंय. त्या महिन्यात दुसरो कौल लायलंय खंय? तीच एकटी इलेली. भायर उभी रवान इचारल्यान, पैसे घोवाच्या हातात दिले तर वाडतले काय? उजवो पडलो. तिना परत लावक सांगल्यान. परत उजवो." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "दिल्यान मां तुमका पैसे?"

हो म्हटलं की नाही, आठवत नाही. कौल न लावताच आलो. घरी सु. काजी वाळत घालत होती. काजीच्या चिकाने तिची बोटं काळी झाली होती. न विचारताच आत गेलो.

३ मार्च

सोमवारचा उपास न मोडणारी, घरातला पहिला आंबा देवीला ठेवल्याशिवाय न कापणारी, ती सातेरीच्या नावाने खोटं बोलली. माझ्याशी. सहा वर्षं.

एकतीस वर्षं या बाईबरोबर एका घरात आहे.

५ मार्च

पहिला हप्ता गेला. २८,०००. सु.ने विचारलं, गेले? म्हटलं, गेले. दिवसभरात तेवढंच बोलणं.

११ मार्च

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. देवीने माझ्यावर विश्वास टाकला होता. दोनदा. टाकला नाही तो बायकोने.

मग शिक्षकाची खोड, हिशेब मांडला. तेव्हा तळाच्या भावात ते पैसे चांगल्या फंडात घालून गप्प बसलो असतो तर आज सहज दुप्पट, वर आणखी. म्हणजे कौल बरोबर होता. पैसे वाढलेच असते.

पण त्या आठवड्याची माझी वही उघडली. त्यात लिहून ठेवलं होतं की सु.कडून येतील ते कशात घालायचे. ऑप्शन, म्हणजे भावावर लावलेली पैज, चार दिवसांची मुदत. नंतर मी उसन्या पैशांवर, जे पुढे शिकवण्यांतून फेडले, तोच डाव खेळलो होतो, त्यातले सगळे गेले. वहीत त्या पानावर नुसतं "शून्य" लिहिलंय. चौथ्याच दिवशी.

देवी बाजाराबद्दल बरोबर होती. सु. माझ्याबद्दल.

हे लिहून पडवीत आलो. समोरच्या माडावरून झावळ पडली तेव्हा दचकलो.

१९ मार्च

बाजार कोसळतोय. चार दिवस ओळीने. टी.व्ही. लावायचा नाही असं ठरवलं होतं पण कणकवलीला बँकेत गेलो तर तिथल्या टी.व्ही.वर तेच. मुदतीचे कागद घेऊन रांगेत उभा, मान वर करून लाल आकडे वाचतोय. कारकुनाला दोनदा हाक मारावी लागली.

परबांचा फोन. सगळं विकून मोकळे झाले. तुमचे थांबवा, म्हणाले, आणखी पडणार आहे, हप्ते घालून कोण आगीत तूप ओततं. त्यांना नाही म्हणायचं ठरलं होतं. बघतो म्हटलं.

कागद वाचला. दोनदा. काही उपयोग नाही. माझंच अक्षर, माझीच सही, आणि त्या सहीची किंमत मला पक्की ठाऊक आहे.

२३ मार्च

दु. बारा. आजही घसरण. सु. मागल्या दारी होती. मी पडवीत बसून ॲप परत घेतलं. विकायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. पुढच्या हप्त्याचं बटण कुठे असतं ते बघायचं होतं. हप्ते थांबवायचे होते, गेलेला विकायचाच होता. खरं लिही.

नंबर घातला. ओटीपी पाठवला म्हणाले. माझ्या फोनवर काही आलं नाही. परत पाठवला. नाही.

सु. मागल्या दारातून आली. काळ्या बोटांत तिचा फोन. मुग्धाने माझ्या खात्याचा नंबर बदलून आईचा घातलाय, हे मला तेव्हा कळलं. सु.ला त्यातलं काही उमगत नव्हतं, पण उमगलंही होतं. माझ्या हातातला फोन बघितला आणि शांतपणे म्हणाली, "सहा आकडे इले आसत. सांगू काय?"

मी म्हटलं, "कौल उजवा होता ना."

तिने फोन पडवीच्या कठड्यावर ठेवला. खाली पायरीवर बसली. बराच वेळ काजीची बोटं पदराला पुसत होती, तो डाग पदराने जात नाही.

"कोणी सांगल्यान? बाबीन?"

मी मान डोलावली.

"दोनदा इचारलंय. दोनदा उजवो पडलो. वाटेत व्हाळाच्या पाण्याकडे बसलंय. म्हटलंय, जावन दिवचे, देवीनच सांगल्यान. मगे तुमचां तोंड आठावलां. तीन दिस जेवक नाय होतास, फोनातच तोंड. देवीक सगळां कळता. पण तुमच्यावांगडा संसार मी केलंय, देवीन नाय."

मग तू सरळ नाही म्हणायचं होतंस, मी म्हटलं.

"माझां नाय तुमी कधी आयकलास?"

चौदा वर्षांत तिने किती वेळा नको म्हटलं असेल, माझ्या एकाही वहीत त्याची नोंद नाही.

मग तिने ते सांगितलं. गुडघा वगैरे काही नाही. त्या दिवसापासून ती उंबऱ्याच्या आत गेलेली नाही. देवीच्या नावाने खोटं बोललेलं तोंड घेऊन आत कसं उभं राहायचं. मुग्धाचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा आपल्यामुळे मोडलं म्हणून ही मागल्या दारी बसून रडली होती, मी समजलो पोरीसाठी रडते. वालावलचा भाऊ गेला तेव्हाही तेच. जे काही वाईट झालं ते ही आपल्या नावावर टाकत गेली. आणि दर महिन्याला तीन हजार भरत गेली, कारण आता मोडलं तर ते खोटंही फुकट जाईल.

मी ४ लाख ६८ हजार बघितले होते. खरी रक्कम ही होती.

कठड्यावरचा तिचा फोन विझला. ओटीपीची मुदत संपली असणार. मी परत मागवला नाही. ॲप काढलं. उठून काजी गोळा करू लागलो, तर म्हणाली राहू द्या, हाताची सालं जातील. तरी केली.

२४ मार्च

बोटं भाजल्यासारखी झालीत. लिहवत नाही. बाजाराचं काय झालं माहीत नाही. माहीत करून घ्यावंसं वाटतंय, हेही लिहून ठेवतो.

३१ मार्च

सु. म्हणते, जाऊन सांगायचं. उंबऱ्याच्या आत जाऊन, गाऱ्हाणं घालून, बाबीच्या तोंडून सगळं देवीसमोर मांडायचं. आणि कौल लावायचा, माफ केलंस का म्हणून.

म्हटलं, आणि पैशांचं? हेही विचारून घे, आपले सात लाख चालू ठेवायचे की थांबवायचे. बाजार पडलेला, मी घाबरलेला, मला वाटलं कोणीतरी ठरवून टाकलं तर बरं.

नाही म्हणाली. पैशांचं देवीला परत विचारायचं नाही. ते आपण दोघांनी ठरवलंय, चुकलं तर आपलं चुकलं. मुग्धाने एवढं समजावलं, मी एवढं लिहिलं, पण इतकं स्पष्ट कोणीच म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी परबांना फोन करून नाही म्हटलं, हप्ते थांबवणार नाही. ते हसले. हसू देत.

४ एप्रिल

स. आठला देवळात. बाबीला आधी सांगून ठेवलं होतं, सगळं नाही, थोडं. त्याने सु.कडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याने लावलेला उजवा कौल सहा वर्षं आमच्या घरात डावा म्हणून चालला, हे त्यालाही आत्ता कळत होतं.

उंबऱ्याशी सु. थांबली. मी हात पुढे केला. धरला नाही तिने, स्वतःच पाय टाकला. एवढा उंच नाही उंबरा.

बाबीने गाऱ्हाणं घातलं. बा देवी सातेरी म्हणून सुरुवात केली आणि ह्या लेकराकडून चूक झाली असं म्हणाला तेव्हा त्याला साथ द्यायचं ते सु.च्या ओठांतून "व्हय म्हाराजा" निघालंच नाही. ते मी म्हटलं. विज्ञान प्रदर्शनातल्या आकृतीसकट, मी म्हटलं. लाज वाटली नाही.

मग पाकळ्या लावल्या. उजवी, डावी. बाबी मागे सरला. आम्ही बसलो.

पहिली दहा मिनिटं मी ओलावा आणि वजनच मोजत होतो. नंतर तेही सोडलं. गाभाऱ्यात वारा नाही, समई सरळ उभी. अर्धा तास. पाकळ्या तशाच. बाबीने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आवाज चढवून. पाऊण तास. एकही हलली नाही. तास झाला तेव्हा बाबीने घाम पुसला आणि म्हणाला, असा कधी कधी होता, देवी आज बोलणा नाय. पुढच्या सोमवारी या.

मी हबकलो. हो किंवा नाही, याच्या पलीकडे एक गोष्ट असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सु.च्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना. वाटलं आता कोसळेल. इतकी वर्षं थांबून आली आणि देवीही गप्प.

सु. मात्र उठली नाही. पाषाणाकडे बघत बसली होती, तिथेच, आत. मग हळूच म्हणाली, "सहा वर्सां मी तिका थांबयलंय. आता ती माका थांबयता. थांबतंय."

बाबी निघून गेला तरी आम्ही तासभर आणखी बसलो. पाकळ्या दगडाला चिकटूनच होत्या. घरी आल्यावर तिने जेवण केलं, मी पानं घेतली. आज कितीतरी वेळ बाजाराची आठवण झाली नव्हती, ती पानं मांडताना झाली. हप्ता थांबवायला अजून पूर्ण दिवस आहे माझ्याकडे, उद्या पाच तारीख.

सु.ने विचारलं, उद्या हप्ता जातो ना. म्हटलं, जातो. तिने ओटीपी येतो तो तिचा फोन माझ्यासमोर ताटाशेजारी ठेवला आणि हात धुवायला मागल्या दारी गेली.